गंगेच्या वाळूत रुतलेलं वऱ्हाड

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नगरच्या कॅम्पातला एक जुना लष्करी ट्रक मी घेतला, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेलं ते धूड पेट्रोल नुसतं पीत होतं. पण भाचा नारायण याचं लग्न गोदावरीपलीकडे, निजामाच्या मोगलाईतल्या गावी ठरलं. मोसमातला शेवटचा गोरज मुहूर्त निघाला. अक्काचा, म्हणजे त्याच्या आईचा, निरोप आला, "सदा, वऱ्हाड तुज्याच गाडीतनं. बैलगाडीनं गेलो तर मुहूर्त गेला म्हनून समज."

पहाटे निघालो. इमामपूरच्या घाटात गाडी तापते, तिथे घाई करू नये. घोडेगावला चहा चांगला मिळतो. भाकरी-पिठलं मात्र घरून न्यावं. नेवाशात ज्ञानोबांच्या खांबाला माथा टेकला. दगडाचा गारवा पुढे कोसभर कपाळावर होता.

तिथून बैलगाडीच्या चाकोरीने गंगेवर आलो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. जेठातली नदी, पलीकडच्या काठाशी एक धार, आणि अलीकडे सगळी पिठासारखी वाळू.

अशा वाळूत उतरायचं तर आधी टायरांची हवा कमी करावी. टायर पसरतो आणि वाळूवर उंटाच्या पायासारखा पडतो. पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा काठावरच टाकावा. मग एकाच चालीने जावं. चाक झटक्याने वळवू नये आणि ब्रेकला तर पायच लावू नये. हे सगळं मी केलं. गाडी छान चालली होती.

धारेजवळ आलो आणि मागून अक्का ओरडली, "सदा, थांबीव! गंगामायला नारळ न्हाई वाहिला!"

गंगामायचं नाव निघाल्यावर माझा पाय कुठला ऐकतो! नारळ वाहिला, हात जोडले, आणि गाडी सोडली तर चाकं जागीच फिरू लागली. मी लगेच पाय काढला. चाकं फिरवत राहिलं की गाडी आपलाच खड्डा खणते.

"सगळे उतरा, वजन कमी करा," मी म्हटलं.

"नवरा न्हाई उतरायचा," अक्का म्हणाली. "मुलीकडच्यांनी पाय धुतल्याबिगर भुईला पाय न्हाई लावायचा."

नवरा बसला म्हणून करवल्या बसल्या, करवल्या बसल्या म्हणून सगळं वऱ्हाड बसून राहिलं. नारायण मुंडावळ्यांतून मावळतीकडे बघत होता. "मामा, म्या हळूच उडी मारू का?"

"गप बस! तुझी आई मला गंगेत बुडवील."

पलीकडच्या काठावर व्याही कलश-आरती घेऊन ताटकळले होते. मी ओरडून अडचण सांगितली. त्यांच्याबरोबरचे म्हातारे म्हणाले, सीमांतपूजन मारुतीच्या पारावरच व्हायचं. पण व्याही धोतर खोचून सरळ पाण्यात उतरले.

"आवं, आपली शीव म्हंजी गंगाच की! पाटावर पाय धुवायचे, ते वाळूत धुवू!"

त्यांनी त्याच पाण्याने नारायणाचे पाय धुतले, कुंकू लावलं. बाया गाणं म्हणू लागल्या आणि अख्खं वऱ्हाड धबाधब खाली उतरलं. परातींनी चाकांपुढची-मागची वाळू उपसली, बसायची गोणपाटं अंथरली. मी गाडी आधी आपल्याच चाकोरीवर थोडी मागे घेतली, मग हळूहळू चाल धरून धार ओलांडली आणि काठ चढल्याशिवाय थांबलो नाही. वऱ्हाड मागून पाण्यातून पळत आलं. नगारे वाजले. गायी गावात शिरत होत्या तेव्हा अक्षता पडल्या.

घरी येऊन महिना झाला. ती वाळू कपड्यांतून अजून निघते. मी पुष्कळदा विचार करतो की न थांबता गेलो असतो तर आम्ही नुसते वेळेवर पोचलो असतो. व्याही कसा माणूस आहे हे कळायला वर्षं लागली असती.

काल शेजारगावचे पाटील आले. "पुढल्या साली आमच्या पोराचं वऱ्हाड बी तितनंच न्यायचं, सदाभाऊ. आन गाडी मधीच रुतवा बरं का. लई गोड झालं म्हनत्यात."

मी म्हटलं, "पाटील, रुतवणं माझ्या हातात आहे. पण पलीकडून पाण्यात कोण उतरेल, ते गंगामाय जाणे."