बॉल घेऊन पळालेला अप्पा

अप्पानं समोरच्या संघाला कधी शिवी दिली नाही. त्याच्या सगळ्या शिव्या आमच्यासाठी राखून ठेवलेल्या असत. मॅच सुरू झाली की हा धोतराचा सोगा हातात धरून आमच्याच गोलच्या मागं उभा राहायचा आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत आम्हा अकरा जणांचा उद्धार करायचा. "पायाला मेंदी लावून आलास का बे?" "आरं, बॉल हाय तो, देव न्हाई, त्याच्याम्होरं हात जोडून कावून उभा?" समोरच्यांनी चांगला गोल केला तर मात्र हा टाळ्या वाजवायचा! त्या काळात बीडमध्ये ज्यांनी फुटबॉल पाहिला त्यांना आमचे गोल आठवत नसतील, अप्पा नक्की आठवत असेल. मलाही आठवतो, आणि आठवला की अजून डोकं फिरतं.

मोंढ्यात त्याचं बारदान्याचं दुकान होतं. पोती, सुतळी, दोरखंड. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि जिभेला काटे. जन्मात कधी बॉलला पाय लावला नाही. "पाय लावायची वस्तू न्हाई ती," असं वर आम्हालाच ऐकवायचा. आता फुटबॉलच्या क्लबात असं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, सांगा! तरी सेक्रेटरी तोच, कारण दुसरा कुणी व्हायला तयार नव्हता. गोलाची जाळी त्यानं दुकानातल्या सुतळीची स्वतः विणली होती. आमच्यावर गोल झाला की आधी धावत जाऊन जाळी तुटली का बघायचा, मग गोलकीपरला शिव्या घालायचा. नाव कुणाचंच घेत नसे. गोलकीपर फारुक, आमचा कॅप्टन, त्याला तो 'चाळणी' म्हणायचा. मी उजवीकडून खेळायचो, मी 'ठोंब्या'. माझ्या लग्नात आहेर देतानासुद्धा त्यानं स्टेजवर मला त्याच नावानं हाक मारली.

आमच्या क्लबाला गावात वेशीवरचा क्लब म्हणत. त्याला ऑफिस नव्हतं, ऑफिस घ्यायची ऐपतही नव्हती. म्हणून कुणा जुन्या माणसानं एक पद्धत घालून दिली होती. रविवारची मॅच झाली की बॉल एकेकाच्या घरी जायचा आणि आठवडाभर तिथंच मुक्काम करायचा. ज्याच्या घरी बॉल, तो त्या आठवड्याचा मालक. बैठक त्याच्या घरी, आणि बैठकीत मालकानं बॉल मांडीवर घेऊन बसायचं. बॉल नाही तर बैठक नाही. ज्याच्या घरी बॉल कधी राहिलाच नाही त्याला मतही नाही. कायदा म्हणाल तर एवढाच. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडल्याचंही ऐकलं नव्हतं.

या पद्धतीमुळं अप्पानं गावातल्या सगळ्या आळ्यांत, सगळ्या जातींच्या घरांत चहा प्यायला होता. बाकी त्याच्या भाऊबंदांचं काय म्हणणं होतं ते मोंढ्याला ठाऊक, पण हा जिथं बॉल तिथं सरळ घुसायचा, चटईवर मांडी ठोकायचा आणि चहाचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचा. "वहिनी, साखर महाग झाली का?" आमच्या घरी पहिल्यांदा बॉल आला तेव्हा आईनं तो धुऊन, पुसून धान्याच्या कणगीवर ठेवला होता. ते बघून अप्पा मला म्हणाला, "तुझ्यापरीस तुझ्या आईला बॉल जास्ती कळतो बे ठोंब्या." आई खूश झाली. मला त्याचा गळा दाबावासा वाटला होता.

आता मुख्य गोष्टीवर येतो, ज्यासाठी मी या माणसाला अजून माफ केलेलं नाही. तेव्हा आम्ही लीगच्या वरच्या, म्हणजे अ गटात होतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड इकडले चांगले संघ त्या गटात. पोलिसांची, वीज मंडळाची, बँकांची माणसं खेळाडू हेरायला यायची ती अ गटाच्याच मॅचना. ब गटाच्या मॅचना शेजारच्या शेतातली म्हसरं यायची. माझं शिक्षण बेताचं, वडिलांची पानपट्टी, लग्न नुकतंच झालेलं. नोकरी लागली तर पायांमुळंच लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे अ गट टिकला तर मी टिकणार, इतकं सरळ गणित.

आणि नेमका तेव्हाच क्लब बुडायला लागला. आमचा प्रवास, जर्सी, बूट हा सगळा खर्च गावातली एक तेलाची मिल करायची. बाहेरचं तेल स्वस्तात यायला लागलं आणि मिलला टाळं लागलं. आम्ही एसटीत उभ्यानं औरंगाबाद गाठायचो आणि उतरल्या उतरल्या खेळायचो. जर्सी इतक्या विटल्या होत्या की रेफ्री आम्हाला विचारायचा, तुमचा रंग नक्की कोणता? त्यात लीग चालवणाऱ्या फुटबॉल संघटनेनं नवा नियम काढला. अ गटातल्या प्रत्येक क्लबाला खर्चाची हमी घेणारा एक मालक दाखवावा लागेल. सगळ्या सभासदांच्या बैठकीत तसा ठराव करून ठरल्या तारखेच्या आत पाठवायचा, नाहीतर ब गटात जायचं. सगळा देशच तेव्हा मालक शोधत होता, आम्ही कोण लागून गेलो होतो!

मालक मिळालाही. गावात घराघरात केबल टीव्ही जोडणारा एक जण होता, केबलशेठ. कालपर्यंत रेडिओ दुरुस्त करायचा, आता मारुतीतून फिरायचा. तो म्हणाला, क्लब माझ्या नावावर करा, बाकी मी बघतो. नवीन जर्सी, नवीन बूट, प्रवासाला जीप. अट एकच. "घरोघर बॉल फिरवायचं बंद. भिकाऱ्यावानी काय दारोदार फिरता बे? माझ्या हाफिसात शोकेस हाय, तिथं ऱ्हाईल. अन् बैठका बिठका न्हाई, मी सांगंन ते." आम्ही सगळे एका पायावर तयार. एकटा अप्पा आडवा. "आपल्या क्लबाला मालक न्हाई असं कोण म्हन्तं? दर आठवड्याला नवा असतो." फारुक म्हणाला, "अप्पा, असल्या मालकांच्या खिशात काय हाय?" अप्पानं त्याला चाळणीच्या पुढचंही बरंच काही ऐकवलं आणि उठून गेला.

त्या आठवड्यात बॉल फारुककडं होता. बैठक त्याच्या घरी लगेच घेतली असती तर ठराव पास होऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण हमीवर सही करायची तो शेठच मुंबईला गेला होता आणि यायला सोमवार उजाडणार होता. रविवारी मॅच झाली. पुढची पाळी अप्पाची. आणि आमच्या त्या शहाण्या कॅप्टननं काय करावं? बॉल पिशवीत घालून अप्पाच्या घरी नेऊन दिला! मी विचारलं तर म्हणाला, "पाळी त्यांची हाय ना यार." मजा अशी की तेव्हा मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. क्लब विकायला निघालेले आम्ही, पण पाळी मोडायची म्हटल्यावर कुणाची छाती झाली नाही.

सोमवारी आम्ही सगळे मोंढ्यात जमलो तर अप्पाच्या दुकानाला कुलूप. घरी काकू दारातच उभ्या. "ह्ये पाटोद्याला गेले, लेकीकडं. बॉल संगंच घिऊन गेले." आम्ही तोंडात मारल्यासारखे उभे. तेवढ्यात शेठची मारुती आली. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. डिकीतून कोरा करकरीत बॉल काढून आमच्या पुढ्यात टाकला. "घ्या, ह्यो बॉल. बसा हितं वट्यावर अन् करा ठराव."

कुणी बसेना. शेठ एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. फारुकनं तो नवा बॉल उचलला, दाबून बघितला, परत खाली ठेवला. "ह्यो कुणाच्याच घरी ऱ्हायला न्हाई, शेठ," एवढंच म्हणाला. "येडे हाव का बे तुमी सगळे?" शेठ ओरडला. होतोच की. मीही बसलो नाही. नोकरी समोर लोंबत होती, तारीख डोक्यावर होती, आणि तरी मी त्या ओट्यावर टेकलो नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. अप्पा आठवडाभर पाटोद्याला मुक्काम ठोकून बसला. तारीख गेली. आम्ही ब गटात गेलो.

शेठनं मग स्वतःचा वेगळा संघ काढला, आमच्यातले चांगले तिघं-चौघं उचलले. फारुक गेला आणि तिथून पोलिसात लागला. मला शेठनं विचारलंच नाही. अ गटातल्या पुऱ्या संघाबरोबर मी दिसलो असतो, एकटा उचलण्याइतका मी नव्हतो, हे तेव्हा कळलं. पुढं मोठ्या कंपनीची केबल आली, शेठचा धंदा बसला आणि त्याचा संघही बंद पडला. लोक लगेच म्हणायला लागले, बघा, अप्पाचं बरोबर होतं. कसलं बरोबर? संघ गेला, पण फारुकची वर्दी तर कुणी काढून घेतली नाही! मी एसटी स्टँडसमोर एसटीडीच्या डब्यात बसून दुसऱ्यांचे फोन लावत होतो.

खेळणं सोडलं नाही, पण अप्पाशी बोलणं सोडलं. तो मात्र ब गटातही गोलमागं उभा, तोंड तसंच चालू. आणि माझी पाळी आली की दर वेळी स्वतः बॉल घेऊन दारात हजर. "घे बे ठोंब्या." मी त्याच्या तोंडावर दार लावायचो. तो बाहेरून मोठ्यानं म्हणायचा, "मालक घरात न्हाईत," आणि पुढच्या घरी जायचा. आई चिडायची, बायको चिडायची. वर्षानुवर्षं हा प्रकार चालला. खरं सांगतो, दार लावायला मला बरं वाटायचं.

मग एकदा पाळी आली आणि तो आला नाही. मी संध्याकाळभर दाराकडं कान लावून बसलो. शेवटी बायको म्हणाली, "भांडायचंच असेल तर जाऊन भांडा की." गेलो. अप्पा बाजेवर पडलेला, अंगातलं सगळं मांस गेलेलं, उशाशी बॉल. मला बघून म्हणाला, "आज कुणाच्या दारात आलास बे?" माझा इतक्या वर्षांचा राग उसळला. मी म्हटलं, "अप्पा, क्लब सगळ्यांचा म्हणून तुम्हीच सांगत होता ना? मग आम्ही मत द्यायची वेळ आली तेव्हा बॉल घेऊन कावून पळालात?"

"हरलो असतो म्हणून," तो म्हणाला. "तू त्याच्याकडून, चाळणी त्याच्याकडून. समदेच त्याच्याकडून. मला काय दिसत नव्हतं?"

"म्हणजे आमची मतं चोरलीत तुम्ही."

"व्हय, चोरली." त्याला धाप लागली होती, पण आवाजात तोच खवटपणा. "तुझी नोकरी बी गेली त्यात, ते बी ठाऊक हाय. लई वाईट वाटतं बे. पण पुन्यांदा येळ आली तर पुन्यांदा पाटोद्याला जाईन." आणि उशाशी हात नेऊन बॉल माझ्याकडं ढकलला. "ने आता. पाळी तुझी हाय."

वाईट वाटतं म्हणे! बॉल घेऊन घरी आलो. आईनं तो धुतला, पुसला आणि कणगीवर ठेवला.

त्याच आठवड्यात अप्पा गेला. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून माती दिली. शोकसभा कुठं घ्यायची हा प्रश्नच नव्हता. बॉल माझ्याकडं, म्हणजे बैठक माझ्याकडं. जुने-नवे सगळे आले, फारुक ड्यूटीवरून वर्दीतच आला. मी बॉल मांडीवर घेऊन बसलो. मालक म्हणून दोन शब्द मलाच बोलायचे होते. माझ्या तोंडून निघालं ते असं: "अप्पानं आपल्याला एक बैठक घेऊ दिली नाही. ती राहिलेली बैठक आज घेऊ. क्लब शेठच्या नावावर करायचा का? ज्यांना करायचा त्यांनी हात वर करा."

सगळे चमकले. आता शेठही नव्हता, अ गटही नव्हता, विकत घ्यायला कुणी येणारही नव्हतं. तरी मला तो निकाल पाहिजे होता. मी एकेकाकडं बघितलं. कुणाचा हात हलला नाही. फारुककडं सर्वांत जास्त वेळ बघितलं. ज्या नोकरीवर त्याचं घर चाललं होतं ती त्याला शेठमुळं मिळाली होती, त्यानं हात वर केला असता तर मी काही म्हटलं नसतं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घातली. राहिलो मी. माझे दोन्ही हात बॉलवर होते. एक तरी उचलायचा असं मी अगदी ठरवून बसलो होतो.

उचलला नाही. जी बैठक हरणार म्हणून पळाला होता, ती म्हाताऱ्यानं जिंकली, आणि तीही दुसऱ्यांदा गैरहजर राहून! असा संताप आला म्हणून सांगू. बायको चहा घेऊन आली, सगळ्यांनी घेतला, साखर कमी आहे असं कुणीच म्हणालं नाही. बॉल छातीशी आवळून मी तसाच बसून राहिलो.