चारही कोपऱ्यांतून दाद

मुलांनो, कारंजाचे आजोबा गेल्याचं कळल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "ते मंडपात पळत सुटायचे, तेच ना?" हो, तेच. त्यांची तेवढीच ओळख तुमच्यापाशी राहू नये, म्हणून आज लिहायला बसले.

ते माझ्या नणंदेचे यजमान, माझे भाऊजी. त्यांच्यासारखा श्रोता आपल्या जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. साहित्य संमेलन विभागाचं असो की तालुक्याचं, संत्र्याची बाग देवावर सोडून भाऊजी नणंदेसह पहिल्या एसटीनं हजर. अध्यक्षांच्या भाषणात ते गाढ झोपत. त्यांचा जीव कविकट्ट्यात. तिथे नाव देईल त्याला कविता म्हणता येते, आणि आपली म्हणून झाली की कवी तडक जेवणाच्या रांगेत जातो. शेवटच्यांपुढे नुसत्या खुर्च्या उरतात. भाऊजींना ते सोसत नसे. ते डावीकडे बसून "वाह!" म्हणत, मग वाकून धावत उजवीकडून "क्या बात है!", आणि पार मागून "पुन्हा म्हणा!" एका बुजऱ्या मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं की तीच लांबलचक कविता पहिल्यापासून म्हटली, आणि भाऊजी जेवणाला मुकले. मी रागावले, तर म्हणाले, "वहिनी, मंडप भरला हाय असं वाटलं पाह्यजे ना कवीले!"

या धावपळीत त्यांच्या चपला पहिल्याच जागी राहत. त्या शोधत नणंद पुटपुटत फिरे, "लोकाइच्या कवितेपायी अनवाणी हिंडून राह्यले. चाला आता घरी."

भाऊजींची स्वतःची एकच कविता होती, तिच्यावर केलेली. घरी ऐकवायला गेले, तर तिनं थांबवलं. "इथं नाई. चारचौघांत म्हणा, मंग ऐकीन." पण दुसऱ्यांना श्रोता हवा म्हणून भाऊजी आपलं नाव शेवटी घालत, आणि त्यांची पाळी येण्याआधीच माइक बंद होई. "पुढच्या खेपेले," ते म्हणत. "तुमची पुढची खेप येईस्तोवर मीच जाईन," ती हसून म्हणे. मागच्या पावसाळ्यात ती गेली.

या हिवाळ्यात संमेलन वर्ध्यातच होतं. भाऊजी माझ्याकडे सिंदी मेघेला उतरले. मी बजावलं, "यंदा तरी नाव पहिलं घाला."

"मंग बाकीच्याइले कोण ऐकन?"

नाव शेवटीच गेलं. धावणं आता चालणं झालं होतं, तरी एकही कोपरा त्यांनी सोडला नाही. त्यांची पाळी आली तेव्हा मंडपवाले खुर्च्या रचत होते. "आटपा काका," संयोजक म्हणाले. समोर मी एकटी. भाऊजींनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते पहिल्याच ओळीवर थांबले.

मी इंग्रजी शाळेत वाढलेली. कार्यक्रम संपला की बेताच्या टाळ्या वाजवाव्यात, एवढंच मला ठाऊक. पण मी उभी राहिले आणि "वाह!" म्हणाले. गुडघे धरत उजवीकडे गेले, "क्या बात है!" मग मागे. खुर्च्या रचणारा एक जण हातातली खुर्ची मांडून खाली बसला. भाऊजींनी कविता पूर्ण म्हटली.

बाहेर निघताना ते अनवाणीच होते. खुर्च्यांची रांग उचलली गेली होती, आणि मोकळ्या मंडपात त्यांच्या चपला तेवढ्या पडल्या होत्या. मी त्या आणून समोर ठेवल्या.

"चारचौघं कुठं होते, वहिनी? तुमी एकट्याच."

"चारही कोपऱ्यांत होते की, भाऊजी."

ते हसले. मग डोळे पुसले आणि चपला पायात घातल्या.

कविता त्यांनी कुठे लिहून ठेवली नव्हती. मी ती एकदाच ऐकली, तीही चालता चालता. त्यातल्या दोन ओळी माझ्यापाशी आहेत:

रागारागानं उठून जाई,
चपला मात्र माह्याच पाही.

एवढ्या उरल्या आहेत.