काचेला लावलेला राजीनामा

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. करोनाच्या दिवसांत मी गोंदियात कोविड वॉर्डात नर्स होते. नवरा रायपूरला कामावर अडकलेला. घरी सासूबाई लकव्याने पडून. नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी पातळ पेज द्यायची. दुपारचं शेजारच्या काकू करायच्या, पण मला ही ड्युटी लागल्यापासून त्या कुंपणाशीच थांबू लागल्या. त्यांना तरी काय बोलणार? मुलगी दहावीतली, आजीजवळ बसायची. पण पेज चुकून फुप्फुसात गेली तर, या धास्तीने मीच तिला नळीला हात लावू देत नव्हते. ड्युटी सलग आठ तासांची. किट चढवलं की मधे पाण्याचा घोटही नाही. रोज दुपारी सासूबाई उपाशी राहायच्या आणि मी दुसऱ्यांच्या सासवांना ऑक्सिजन लावत असायचे.

काम आवडत नव्हतं म्हणाल तर तसं नाही. खाटेवर आलेला माणूस आपल्या पायांनी घरी गेला की बरं वाटायचं. पण जीव दोन्हीकडे ओढला जायचा. एका सकाळी राजीनामा लिहिला आणि देवघरापुढे उभं राहून बोलले, "माये, तुला दिसत नसेल तर मीच मोकळी होते."

घाईत तो कागद हातातल्या रोग्यांच्या यादीवर ठेवून मी दोन्ही घेऊन तशीच वॉर्डात शिरले. आत गेलेला कागद आमच्याकडे बाहेर येत नसे. यादी आतून काचेला लावायची, बाहेरच्या सिस्टरने ती वाचून उतरवून घ्यायची. आमच्या इन्चार्ज सिस्टरने सवयीने, न बघताच, वरचा कागद काचेला लावला. पलीकडे लांबच्या दरेकसा गावाहून येणारी सिस्टर पेन घेऊन उभी होती. यादीऐवजी तिने माझा राजीनामा वाचला.

तिने काच ठोकली. "काऊन वं, नोकरी सोडून राहिली?"

मी शरमेने मेले. मास्कमधून ओरडत ओरडत सासूबाईंची दुपार सांगितली.

"पागल आहेस काय! गाड्या बंद आहेत, भाऊ मले मोटारसायकलनं आणून सोडते. रोज येनं जमत नाही. मी आली का तुई दुपार मी घेतो. इन्चार्ज सिस्टर, तुमी माहे दिवस कमी करा. तू सकाळ-संध्याकाळ ये."

इन्चार्ज मधे पडल्या. "दोघींच्या तोंडाला कुलूप होतं काय इतके दिवस? मला वॉर्डात माणूस पाहिजे, मग कोणी का येईना. एक किट जास्त लागेल, आणि ही नसेल त्या दिवशीची दुपार, दोन्ही मी बघते. बस, जम गया!" आणि राजीनामा त्यांनी पिवळ्या पिशवीत टाकला, जाळायच्या कचऱ्यात.

हे देवीने केलं की सवयीने झालं, यावर मी वाद घालत नाही. एवढं मात्र कळलं, की मी देवीला रोज सांगत होते आणि माणसांना एकदाही नाही. मला वाटायचं, सगळं मीच पेलायचं. माझ्या हातून सुटलं तेव्हाच दुसऱ्या कोणाला ते धरता आलं. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, न्हाले, पेज गाळली. मला भर दुपारी दारात बघून सासूबाईंचे डोळे मोठे झाले. पेज हळूहळू पोटात गेली. मग त्यांनी चालता हात उचलला, पाची बोटं जुळवून माझ्या तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या. तू जेवलीस का, असं विचारत होत्या. मी जेवले नव्हते. मुलीने ताट वाढलं, आणि त्यांच्या खाटेजवळ बसून मी रडत रडत पोटभर जेवले.