उभ्या गव्हातली स्वारी

ऑफिसातला यूपीएस आज टीं-टीं करू लागला. सगळे धावले, मी मात्र हसत बसलो, कारण मनाने मी पोचलो होतो लहानपणीच्या तेलगावच्या घरात, जुन्या कॉम्प्युटरसमोर.

लाईट नुकतीच गेली होती. धाकटी बहीण सुमी आणि मी लढाईच्या खेळात आळीपाळीने एकेक चाल खेळत होतो. शत्रूचा शेवटचा किल्ला उरला होता आणि यूपीएस बंद पडायच्या आत तो घ्यायचा होता. सुमीने घोडदळ सरळ किल्ल्याकडे काढलं. मध्ये पिवळाधमक गहू उभा होता.

"उभ्या पिकात घोडे कशाला घालायलीस गं?" मागून वडील ओरडले. अण्णा नुकतेच कापूस वेचून आले होते, केसांत अजून पांढरे धागे.

"अण्णा, शत्रूचं शेत हाय ते!"

"शत्रू किल्ल्यात बसलाय, शेतात न्हाई. बांधानं ने."

खेळात बांध नव्हता. चडफडत आम्ही डोंगराला वळसा घातला. यूपीएस जोरजोरात कोकलत होता. अखेर मागची भिंत पडली, किल्ल्यावर आमचा झेंडा लागला आणि आम्ही दोघं नाचू लागलो. अण्णांनी स्क्रीनवरच्या गव्हावर बोट ठेवलं आणि आमच्याहून मोठ्यानं हसले. "बघा, एक ओंबी मोडली न्हाई!"

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. विजय सेव्ह करायचा राहूनच गेला.

तेव्हा सुमी रात्रीपर्यंत फुगून बसली होती. आज मला तो किल्ला कसा होता तेही आठवत नाही. गहू मात्र अजून उभा आहे.