सोनीच्या शेपटीची झालर

अक्कांच्या हाताखालून गेलेल्या माणसाचा दोष कुणाला दिसत नसे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं ब्यूटी पार्लर होतं आणि त्याच घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी क्लासमध्ये गणित शिकवायची, म्हणून अक्का मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत. हनुवटीवर भाजल्याचा डाग असलेली नवरी त्यांच्या खुर्चीतून उठली की तिच्या आईलाही तो डाग शोधावा लागे. “दिसायला नीट, म्हंजी नीटच की,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून बायका निर्धास्त होत.

अक्कांना मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. त्यांचा जीव कुत्र्यांत. लांब कानांची, रेशमी केसांची कॉकर स्पॅनिएल कुत्री त्या पाळत आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव असे डॉग शो करत. या जातीच्या पिल्लांची शेपटी जन्मल्यावर काही दिवसांतच कापायची रीत होती. कळंब्याचे तात्या स्वतः कुत्री पाळत आणि सगळ्यांकडे जाऊन हे काम करून देत. एका खेपेला अक्कांच्या एका पिल्लाचं रक्त थांबेना. टॉवेलमध्ये गुंडाळून अक्का त्याला छातीशी धरून बसल्या, ते गार होईपर्यंत. टोपलीत शेवटचं एक पिल्लू उरलं होतं. तात्यांनी त्याच्याकडे हात नेला, तशा अक्का म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. हिला हात लावायचा न्हाय.”

“ऱ्हाऊ दे की,” तात्या कात्री पुसत म्हणाले. “पण उद्या ही शेपटी भिताडावर आपटून फुटली तर माझ्याकडं येऊ नका.”

ती सोनी. तिच्या शेपटीनं अक्कांना नाद लावला. केस कसे कापायचे हे दाखवायला कुणी नव्हतं; पुस्तकातल्या चित्रांत या जातीच्या कुत्र्यांना मागे फक्त खुंट असायचा. अक्कांनी दुसऱ्याच एका शिकारी जातीचं चित्र आरशाला चिकटवलं आणि त्यावरून स्वतःचा हात बसवला. पार्लरमधली दातेरी कात्री घेऊन त्या शेपटीच्या बुडाशी केस विरळ करत, म्हणजे पाठीची रेघ न तुटता पुढे गेल्यासारखी वाटे. खालच्या अंगाला लांब झालर ठेवत आणि ती टोकाकडे हळूहळू आखूड करत नेत. “टोकाला झुपका ऱ्हायला की केरसुणी दिसती,” त्या म्हणत. पहिल्या शोमध्ये लोक हसले. पुढच्या शोमध्ये हसणाऱ्यांतलेच दोघे-तिघे जवळ येऊन झालर न्याहाळून गेले. तात्या मात्र लांबूनच बघत उभे असायचे.

सोनी आनंदी कुत्री होती, आणि तेच तिला भोवलं. दारात कुणी आलं की शेपटी सपासप हलायची आणि बोळातल्या लोखंडी ग्रीलवर आपटायची. एकदा सकाळी क्लासला जाताना मला भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, लाल ठिपके दिसले. अक्का ओल्या फडक्यानं ते पुसत होत्या.

“काय झालं, अक्का?”

“काय न्हाय. कुंकू सांडलं.”

दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा होते. मग ते रोजचेच झाले, आणि गिऱ्हाइकं यायच्या आत भिंत पुसणं हेही रोजचंच. जनावरांच्या डॉक्टरांनी शेपटीच्या टोकाला पट्टी बांधली, येत्या शोला हिला नेऊ नका म्हणून बजावलं. पण तो शो कोल्हापुरातलाच होता आणि तात्या येणार होते. अक्कांनी पट्टी सोडली, कारण पट्टीखाली केस चपटे होत होते. टोकाचे केस त्यांनी मुद्दाम वाढवले आणि असे वळवून बसवले की जखम त्यांच्या आत गेली. खोलीत एक गोडसर, कुजका वास होता. अक्कांनी अत्तर लावलं. “आता बघा,” त्या मला म्हणाल्या. सोनी टेबलावर उभी होती, अतिशय देखणी. शेपटी हलत नव्हती.

मैदानावर परीक्षकांनी रीतीप्रमाणे पाठीवरून हात फिरवला आणि तो शेपटीच्या टोकापर्यंत नेला. सोनी किंचाळली. परीक्षकांनी आपला तळवा उलटा करून अक्कांसमोर धरला. त्यावर रक्त होतं आणि पू होता.

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या.

जखमेचं विष शेपटीत वर चढलं होतं. डॉक्टरांना बुडाशी जेमतेम खुंट ठेवून सगळी शेपटी काढावी लागली. सोनी वाचली, पण कात्रीचा आवाज आला की ती कपाटामागे जाऊन थरथरायची. तात्या भेटायला आले. “पिल्लू हुतं तवाच केलं असतं तर...” त्यांनी सुरुवात केली.

“कापली न्हाय म्हणून न्हाय गेली, तात्या,” अक्का म्हणाल्या. “मी झाकलं म्हणून गेली.”

‘दिसायला नीट’ हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. नव्या शतकात शेपट्या न कापणारे लोक वाढले आणि झालर करून घ्यायला अक्कांकडे येऊ लागले. अक्का आधी टोकाचे केस दोन बाजूंना करून कातडी बघत, मगच कात्री उचलत.

एका दुपारी गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातली सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं डोहाळजेवण होतं. मी कसल्याशा कामाला खाली गेले होते. पोरीच्या गळ्यावर, कानाखाली, बोटांचे निळे ठसे उमटले होते.

“जिन्यावरनं पडली,” सासू म्हणाली. “फोटो काढायचेत. तेवढं झाका.”

अक्कांनी कापसाचा बोळा गळ्याजवळ नेला. पोरीनं मान आत ओढली. अक्कांनी बोळा खाली ठेवला.

“हे मी झाकणार न्हाय.”

“तुमचं कामच हाय की ते.”

“हुतं.” मग त्या पोरीकडे वळल्या. “बाळ, तुझ्या बाबांचा नंबर सांग.”

पोरीनं सासूकडे बघितलं. सासूनं तिचा दंड धरला. अक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग ऐकू येईल न येईल अशा आवाजात पोरीनं माहेरच्या गावातल्या दूध डेअरीचा नंबर सांगितला. फोन मी लावला. बाप दुधाच्या टेम्पोतून आला. त्यानं लेकीचा गळा बघितला, डोक्याचा टॉवेल काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला घेऊन गेला.

मग त्या बंगल्यातली एक मोटारसायकल रोज संध्याकाळी पार्लरसमोर थांबू लागली. त्यावरचे दोघे उतरत नसत, बोलत नसत. पार्लरच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. बायका यायच्या बंद झाल्या. पुढे अंगणात एक खव्याचा पेढा पडलेला सापडला. सोनीनं तोंड लावायच्या आत अक्कांनी तो उचलला; फोडला तर आत उंदराचं औषध. त्याच दिवशी त्यांनी भावाला फोन केला. तो नृसिंहवाडीजवळ राहायचा.

निघताना सामान फार नव्हतं. सोनी रिक्षात बसली होती. समोर मोटारसायकल उभीच होती. अक्कांनी तिच्याकडे एकदा सरळ बघितलं आणि मग माझा हात धरला.

“मास्तरीणबाई, दाराला आतनं कडी लावत जावा. फोन तुम्ही लावला हुता, हे त्यास्नी म्हाईत हाय.”

रिक्षा वळली. मोटारसायकल तिच्या मागे गेली नाही. दोघांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं.

अक्का पुन्हा भेटल्या नाहीत. दोनेक वर्षांत त्या गेल्याचं कानावर आलं. मी मात्र त्या खोलीत राहिले, रोज कडी लावून. संध्याकाळी खाली इंजिनचा आवाज येई आणि शिकवायची गणितं मांडताना माझा हात थांबे. ती पोर बाळंत होऊन माहेरीच राहिली, असं काही महिन्यांनी कळलं, त्या दिवशी मी खिडकी उघडली आणि उघडीच ठेवली. खाली ते दोघे होते; अक्कांसारखंच मी त्यांच्याकडे सरळ बघितलं.