सुमंगलाने घेतलेलं नाव

देवासच्या वीरेंद्र सुपेकरांना सगळ्या जगानं नावानं हाक मारली, फक्त बायकोनं नाही. सुमंगला धारची, जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही तिची श्रद्धा. सगळा संसार तिनं ‘अहो’वर काढला. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, उखाण्यात. एवढं जपून शेवटी गेल्या वर्षी तीच आधी गेली. देवाच्या दारीही न्याय नाही, दुसरं काय!

तो उखाणा वीरेंद्रांना काही केल्या आठवेना. तिच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं, एवढाच ध्यास लागला. लग्नाची कॅसेट होती. व्हीसीआरही होता, पण त्याची वायरी जोडायची बाकीची तोंडं गंजलेली. अँटेनाची वायर तेवढी धड. म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून त्या वायरीवरून कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं ट्यूनर कार्ड आणलं, घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, व्हीसीआरची वायर त्याला जोडली आणि चॅनेलं शोधायला लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“बाबा, टीव्हीचे ते जुने टॉवर तर कधीचे बंद झाले. फालतू परेशान होताय,” मुलगी अनन्या म्हणाली.

“टॉवर कुणाला पाहिजे? हा व्हीसीआरच एक चॅनेल बनून येतो, बेटा.”

कॉम्प्युटरात चॅनेलांची यादी भलत्याच देशाची निवडली होती. ती बदलून पुन्हा स्कॅन लावला, आणि मुंग्या विरून शालूतली सुमंगला समोर आली. पण मुकी. आपल्याकडची आवाजाची पद्धत वेगळी, ती निराळी निवडावी लागते, हे उमजेपर्यंत दुपार गेली. वीरेंद्रांचा जीव टांगणीला लागला होता.

आवाज आला. सनई वाजली. बायकांनी सुमंगलाला घेरलं, तिनं मान खाली घातली, ओठ हलले, आणि त्यावर धडाक्यात सिनेमाचं गाणं सुरू झालं. त्या काळचे व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून गाणी भरायचे. लोकांना तेच आवडायचं. वीरेंद्रांनाही आवडलं होतं.

“सेटिंग गडबड असेल बाबा. परत स्कॅन करा ना.”

“सेटिंग बरोबर आहे, बेटा.”

त्यांनी गाणं बंद केलं, कॅसेट मागे घेतली. सुमंगलाचे ओठ पुन्हा हलले. मग ती लाजून हसली, म्हणजे नाव घेऊन झालं होतं.

वीरेंद्रांनी ओ दिली.