साहेब काय म्हणाला

मी नववी नापास. तेही दोनदा. एकदा गणितात, एकदा सगळ्यात. असल्या माणसाला हेब्बाळच्या पुढं एका खाजगी विद्यापीठानं शिकवायला बोलावलं. आता म्हणे धंद्यातला मुरलेला माणूस असला की डिग्री बघत नाहीत. माझा आयटी पार्कातल्या हाउसकीपिंगवाल्यांचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता. तो धाकट्या भावावर टाकला आणि मी प्रोफेसर झालो. बायको म्हणाली, "अहो, निदान शर्ट तरी आत खोचा."

पहिल्याच दिवशी एका पोरानं शंका विचारायला हात वर केला. मी सवयीनं हात जोडले आणि म्हणालो, "हेळी सर!" इथं कन्नडात गिऱ्हाइकाला असंच म्हणतात, बोला साहेब. वर्ग हसून लोळला. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला. मग तेच माझं शिकवणं झालं. मी किती ढ होतो, मास्तर मला बाकावर उभं करून कसे विसरून जायचे, इंग्रजी अक्षरं दिसली की मला कशी झोप येते. दुसऱ्या वर्गातली पोरंसुद्धा येऊन मागं उभी राहायला लागली.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी थांबली. के. आर. पुरमहून यायची, आई घरी ब्लाउज शिवायची. वर्गात हीच सगळ्यात हुशार. कन्नडात म्हणाली, "सर, मी कॉलेज सोडतेय. तुमच्यासारखा धंदा करणार. तुम्हाला कुठं लागलं शिक्षण?"

म्हटलं, "अगं, ते मी गमतीनं सांगतो. शिक्षण नाही म्हणून मी फार मार खाल्लाय."

ती हसली. "सर, तुम्ही पण ना!"

"देवाशपथ सांगतोय."

ती आणखी हसली. माझं तोंडच तसलं. रडलो तरी लोकांना वाटतं, नक्कल करतोय.

घरी बायकोला सांगितलं. "त्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही," ती म्हणाली. "आता निस्तरा."

त्याच आठवड्यात भावाचा फोन. "अण्णा, महादेवपुऱ्याच्या ऑफिसात नवा साहेब आलाय. तुलाच भेटायचं म्हणतोय." आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. मी मुलीला म्हणालो, "सोडायच्या आधी धंदा कसा असतो ते एकदा बघ तरी." मनात एवढंच होतं की तिथं आपल्याला ताटकळत बसवतात, ते हिला दिसू दे.

जुना साहेब कन्नडात बोलायचा. हा नवा, पोरगेलासा, सगळं इंग्रजीत, तेही तोंडात गुलाबजाम धरल्यासारखं. मुलगी शेजारी बसली होती, मी मान हलवत राहिलो. तो हसला की मी हसलो. तो थांबला की मी "यस सर". शेवटी त्यानं हात पुढं केला, मी दोन्ही हातांनी धरला.

लिफ्टनं खाली आल्यावर मी मुलीला विचारलं, "काय म्हणाला साहेब?" तिला शिकवायला म्हणून नव्हे, खरंच कळलं नव्हतं.

"सर, तुम्हाला नाही कळलं?"

"स्वल्प स्वल्प कळलं."

या वेळी ती हसली नाही. "पुढच्या वर्षीपासून काम दुसऱ्याला देणार म्हणाला."

"मग मी काय म्हणालो?"

"त्यानं विचारलं, तुम्हाला विचार करायला आठवडा हवा का, नवा दर देणार का. दोनदा विचारलं सर. तुम्ही म्हणालात, नो नो, नो प्रॉब्लेम."

ती मला तिथंच उभं करून तो आठवडा मागायला धावत वर गेली. थोड्या वेळानं खाली आली. साहेब मीटिंगमध्ये बसला होता, आत सोडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यामुळं कुणी रडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. काय करावं कळेना, तर मी तिला चहा पाजला.

बस आली तेव्हा मी भीतभीत विचारलं, "कॉलेज?"

"येते सर सोमवारी," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग भावाला फोन लावला. कारखान्यात त्याच्यासोबत चाळीसेक माणसं साहेबाचा निरोप ऐकायला थांबली होती. मी घडलं तसं सगळं सांगितलं, ते नो प्रॉब्लेमसकट.

तो खो खो हसायला लागला. "अण्णा, थट्टा पुरे. खरं सांग, काय म्हणाला?"